रिपोर्टातली दुसरी ओळ

१९७० च्या नोव्हेंबरात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले संशोधक जॉर्ज गे वारले. माणसाच्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या नळीत, कितीही काळ वाढवत ठेवता येतात हे त्यांनी करून दाखवलं होतं. सहकाऱ्यांनी त्यांच्यावर लेख लिहायला घेतला आणि त्या निमित्ताने एक जुनी स्लाइड पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या तीस वर्षांच्या बाईच्या गर्भाशयमुखातून काढलेल्या तुकड्याची ती स्लाइड होती. तिच्याच गाठीतल्या पेशी गे यांच्या प्रयोगशाळेत वाढत राहिल्या आणि ‘हीला’ या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत पोचल्या. जुन्या नोंदीत निदान लिहिलेलं होतं एपिडरमॉइड कार्सिनोमा, म्हणजे आज ज्याला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा म्हणतात ते. वीस वर्षांनी पाहणाऱ्यांना मात्र दिसला अ‍ॅडेनोकार्सिनोमा. १९७१ मध्ये त्यांनी तसं छापून टाकलं. लेखकांमध्ये हॉवर्ड जोन्स होते. तो तुकडा १९५१ मध्ये त्यांनीच काढला होता.

मग पहिल्याच वेळी निदान बरोबर झालं असतं, तर हेन्रिएटाचे उपचार बदलले असते का? नाही. त्या काळी त्या रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या आत शिरलेल्या कर्करोगाला, मग तो कोणत्याही प्रकारचा असो, रेडियम देत. तिलाही दिलं. रेडियम भरलेल्या नळ्या गर्भाशयमुखाशी ठेवल्या, नंतर महिनाभर बाहेरून क्ष-किरण दिले. जूनमध्ये तपासणाऱ्या डॉक्टरांना रोग परतल्याचं दिसलं नाही. पुढच्या काही आठवड्यांत पोटभर गाठी झाल्या आणि ४ ऑक्टोबर १९५१ ला ती गेली.

बायोप्सीचा रिपोर्ट हाती आला की घरातले सगळे एकच गोष्ट शोधतात, कॅन्सर आहे की नाही. त्याखालची ओळ, म्हणजे कॅन्सर कोणत्या प्रकारचा, ही डॉक्टरांच्या कामाची असं समजून सोडून दिली जाते. गंमत अशी की गर्भाशयमुखाच्या बाबतीत डॉक्टरही बराच काळ ती ओळ वाचून पुढे जात. प्रकार कोणताही असला तरी उपचार तेच असतील, तर त्यावर वेळ कोण घालवणार? पण उपचार तेच ठेवले म्हणून परिणाम तोच येतो असं नाही, आणि ही गोष्ट आकड्यांतून पुढे यायला बरीच वर्षं लागली.

आधी जागा समजून घेऊ. गर्भाशयाची पिशवी योनीत उघडते ते तोंड म्हणजे गर्भाशयमुख. त्याचा योनीकडचा भाग चपट्या पेशींच्या थरांनी झाकलेला असतो. घराच्या छपरावर कौलं एकमेकांवर चढवावीत तसे हे थर, झीज सोसण्यासाठी घडलेले. आतल्या अरुंद नळीला मात्र उभ्या, स्राव तयार करणाऱ्या ग्रंथिपेशींचं अस्तर असतं. हे दोन्ही जिथे भेटतात तो पट्टा अस्थिर असतो. वय, पाळी, बाळंतपणं यांनुसार ही सीमा सरकते, एका जातीच्या पेशींची जागा दुसऱ्या घेतात, आणि ह्यूमन पॅपिलोमा विषाणू म्हणजे एचपीव्ही ठाण मांडतो तो बहुधा इथेच. चपट्या पेशींतून वाढला तो स्क्वॅमस, ग्रंथिपेशींतून वाढला तो अ‍ॅडेनो. दोन्हींची लक्षणं दिसतात तो अ‍ॅडेनोस्क्वॅमस. न्यूरोएंडोक्राइन नावाचा एक दुर्मीळ आणि फार वेगाने पसरणारा प्रकारही आहे. त्याचे उपचारच निराळे, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.

जगभरात स्क्वॅमसचं प्रमाण साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडं जास्त. भारतात ते आणखी वर आहे. २०२२ च्या अंदाजानुसार आपल्या देशात वर्षाला सुमारे १,२७,००० स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि सुमारे ८०,००० त्याने मरतात. यातल्या बहुतेकींच्या रिपोर्टात ‘स्क्वॅमस’ असतं. ज्या देशांत पॅप तपासणी नियमाने होते तिथे मात्र अ‍ॅडेनोचा वाटा वाढत गेला. तो रोग तिथे जोमाने वाढला एवढंच त्याचं कारण नाही. पॅप तपासणीत वरून खरवडून पेशी घेतात, त्यात चपट्या पेशींतले बदल आधीच सापडतात आणि तिथेच थांबवले जातात. नळीच्या आत लपलेल्या ग्रंथींपर्यंत खरवडणं नीट पोचत नाही. स्क्वॅमस कमी झाला, अ‍ॅडेनो तेवढा कमी झाला नाही, म्हणून टक्केवारी फिरली. विषाणूची चाचणी या बाबतीत सरस ठरते, कारण ती पेशींचं रूप पाहत नाही, थेट एचपीव्ही शोधते. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या मदतीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये छापून आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचं त्यात दिसलं.

लपून वाढण्याचा आणखी एक परिणाम होतो, आणि प्रकारांची तुलना करताना तोच घोटाळा करतो. अ‍ॅडेनो नळीच्या आत फुगत जातो. वरून गर्भाशयमुख बराच काळ साधं दिसतं, अंगावरून लाल जायला लागेपर्यंत गाठ मोठी झालेली असते. मग अ‍ॅडेनोच्या स्त्रिया कमी जगल्या तर दोष प्रकाराचा की उशिराचा? १९८८ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या पेरी ग्रिग्जबी आणि सहकाऱ्यांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी तपासून सरळ म्हटलं की अ‍ॅडेनोचं भवितव्य वाईट असतं याला पुरावा नाही. टप्पा आणि आकार सारखा धरला तर फरक उरत नाही, असा त्यांचा सूर होता. हे म्हणणं झटकून टाकण्यासारखं नव्हतं. रोगाचा टप्पा आणि गाठीचा आकार यांच्यापुढे पेशीचा प्रकार आजही दुय्यम आहे, आणि त्याबद्दल कुणाचं दुमत नाही.

पण १९९५ मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातून पॅट्रिशिया आयफेल यांच्या गटाने मोठी रास पुढे ठेवली. गर्भाशयमुखापुरताच रोग असलेल्या, किरणोपचार घेतलेल्या १,७६७ स्त्रिया. गाठ ४ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असलेल्यांत पाच वर्षांनी जिवंत असलेल्या स्क्वॅमसच्या ७३ टक्के, अ‍ॅडेनोच्या ५९ टक्के. आकार सारखा धरूनही हा फरक राहिला. माझ्या मते त्या अभ्यासातली खरी बातमी मात्र दुसरी होती. ओटीपोटात, म्हणजे जिथे किरण दिले तिथे, रोग परतण्यात दोन्ही गटांत विशेष तफावत नव्हती. तफावत होती दूरच्या अवयवांत. किरणांनी त्यांच्या वाट्याचं काम दोन्हीकडे केलं होतं, पण अ‍ॅडेनोच्या पेशी किरणांच्या चौकटीबाहेर आधीच निघून गेलेल्या होत्या. हेन्रिएटाची जूनमधली तपासणी आणि त्यानंतरचे महिने आठवले की हे चित्र ओळखीचं वाटतं. अर्थात एका रुग्णावरून काहीच सिद्ध होत नाही.

किरणोपचार, म्हणजे रुग्णालयाच्या रांगेत ज्याला ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात तो, मारतो तरी कसा? इथे पुन्हा हेन्रिएटाच्याच पेशी कामी आल्या. १९५६ मध्ये डेन्व्हरला थिओडोर पक आणि फिलिप मार्कस यांनी हीला पेशी एकेकट्या सुट्या करून काचेच्या बशीत पसरल्या, त्यांना क्ष-किरण दिले आणि किती पेशींपासून पुन्हा वसाहती उभ्या राहतात ते मोजलं. सस्तन प्राण्याची पेशी किरणांनी किती मरते याचा पहिला आलेख तो. जी गाठ रेडियमला पुरून उरली होती, तिच्याच पेशींनी जगाला किरणांचा हिशोब शिकवला. साधारण १०० राँटजेन, म्हणजे आजच्या मापात सुमारे १ ग्रे, वाढवले की उरलेल्या पेशींपैकी ३७ टक्के वाचत. पुन्हा तेवढेच दिले की त्या ३७ मधल्या ३७ टक्के. किरण पेशी मोजून मारत नाहीत, प्रत्येक वेळी ठरावीक हिस्सा मारतात. मारतात म्हणजे डीएनएचे दोन्ही धागे तोडतात. तुटलेली पेशी लगेच मरतेच असं नाही, बऱ्याचदा ती पुढच्या विभाजनाच्या वेळी कोलमडते.

या हिशोबाचा कस थोड्या अंकगणिताने कळतो. रोज २ ग्रे याप्रमाणे २५ दिवस शेक दिला आणि दर वेळी निम्म्या पेशी वाचतात असं धरलं, तर शेवटी मूळ पेशींच्या सुमारे तीन कोटी भागांपैकी एक भाग उरतो. आता दुसऱ्या गाठीत दर वेळी निम्म्याऐवजी ६० टक्के वाचतात असं धरा. एका दिवसाचा फरक किरकोळ. २५ दिवसांनी मात्र तिच्यात पहिलीपेक्षा जवळजवळ ९५ पट पेशी उरलेल्या असतात. हे आकडे कुठल्या रुग्णातून मोजलेले नाहीत, समजण्यासाठी घेतलेले आहेत. पण पेशीच्या स्वभावातला जरासा फरक शेवटी जगण्या-मरण्याचा कसा होतो ते त्यांतून दिसतं. एका घनसेंटिमीटर गाठीत अब्जाच्या घरात पेशी असू शकतात, तेव्हा तीन कोटींत एक हा हिशोबही मोठ्या गाठीला पुरत नाही. म्हणून बाहेरून ४५ ते ५० ग्रे झाल्यावर आतून शेक द्यावा लागतो. गर्भाशयाच्या पोकळीत नळी बसवून, इरिडियम किंवा कोबाल्टचा किरणोत्सारी स्रोत गाठीला भिडवून. जवळून दिलेला शेक अंतर वाढताच झपाट्याने क्षीण होतो, त्यामुळे मूत्राशय आणि गुदाशय वाचवून गाठीला एकूण ८५ ग्रेपर्यंत किंवा त्याहून वर नेता येतं. आणि हे सगळं आठ आठवड्यांत संपवायचं, कारण मधल्या सुट्टीत उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. दिवाळीसाठी गावी जाऊन आठ-दहा दिवस शेक चुकवणाऱ्या बाईला डॉक्टर का रागावतात, ते इथे आहे.

बशीतल्या पेशीला प्राणवायू भरपूर मिळतो. गाठीच्या मध्यभागी रक्त नीट पोचत नाही, आणि प्राणवायू नसलेल्या पेशीला मारायला अडीच ते तीनपट मात्रा लागते. गाठ जितकी मोठी तितका हा गुदमरलेला गाभा मोठा. अ‍ॅडेनो उशिरा सापडतो आणि पिंपासारखा फुगतो, तेव्हा त्याच्या कमी प्रतिसादामागे पेशीचा स्वभाव किती आणि हा गाभा किती हे वेगळं काढणं अवघड. मला तरी दोन्ही खरं वाटतं.

प्रकारामुळे उपचारच बदलावा का, या प्रश्नाला सर्वांत थेट भिडला तो इटलीतला अभ्यास. फाबियो लांडोनी आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या ३४३ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली, निम्म्यांना शस्त्रक्रिया, निम्म्यांना किरणोपचार. १९९७ मध्ये निष्कर्ष आले. पाच वर्षांचं जगणं दोन्ही गटांत तेच, ८३ टक्के. शस्त्रक्रियेचे त्रास मात्र जास्त, शिवाय बऱ्याच जणींना नंतर शेकही घ्यावा लागला होता. वरवर पाहता किरणोपचारच बरा. पण अ‍ॅडेनोच्या स्त्रिया वेगळ्या काढून पाहिल्यावर तराजू फिरला. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षं जगलेल्या ७० टक्के, किरणोपचारानंतर ५९ टक्के. या स्त्रिया संख्येने थोड्या होत्या, तेव्हा आकडा जपून वापरायला हवा. तरी लहान गाठीचा अ‍ॅडेनो असेल आणि तब्येत साथ देत असेल, तर शस्त्रक्रियेकडे झुकणारे अनेक डॉक्टर या निकालाचा आधार घेतात.

मोठ्या गाठींना शस्त्रक्रियेचा पर्याय सहसा नसतो. तिथे १९९९ मध्ये बदल झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने पाच चाचण्यांच्या आधारे जाहीर केलं की किरणोपचारासोबत सिस्प्लॅटिन द्यावं. आठवड्यातून एकदा सलाइनमधून दिलं जाणारं हे औषध पेशीला किरणांचे घाव दुरुस्त करू देत नाही, शिवाय रक्तातून सगळीकडे फिरतं. अ‍ॅडेनोचा घात चौकटीबाहेरच होत असेल, तर अशा औषधाचा फायदा त्यालाच जास्त व्हायला हवा. पीटर रोझ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकन चाचण्यांतल्या नोंदी एकत्र करून हे तपासलं. नुसता किरणोपचार घेतलेल्यांत अ‍ॅडेनो आणि अ‍ॅडेनोस्क्वॅमसच्या स्त्रिया स्क्वॅमसपेक्षा कमी जगल्या. सिस्प्लॅटिनसह किरणोपचार घेतलेल्यांत दोन्ही गटांचं जगणं जवळपास सारखं. प्रकारामुळे पडणारी दरी औषधाने बरीचशी भरली. मूत्रपिंडं थकली म्हणून, वय झालं म्हणून किंवा रक्त कमी आहे म्हणून ज्या बाईला सिस्प्लॅटिन देता येत नाही, तिच्या बाबतीत रिपोर्टातली दुसरी ओळ म्हणूनच अधिक जड ठरते.

आता एक तक्रार. या रोगावरचं जगातलं महत्त्वाचं काम मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये झालं आहे. तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० स्त्रियांवर २००३ ते २०११ या काळात झालेल्या चाचणीत सिस्प्लॅटिनची भर घातल्यावर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेलं. आपल्याकडच्या बायका ज्या अवस्थेत रुग्णालयात पोचतात त्याच अवस्थेत मिळालेला हा पुरावा, म्हणून तो मोलाचा. पण चाचणी फक्त स्क्वॅमसपुरती होती. आधी औषध देऊन मग शस्त्रक्रिया की थेट औषधासह किरण, याचा निकाल लावणारी टाटाचीच २०१८ ची चाचणीही स्क्वॅमसपुरतीच. शास्त्रीयदृष्ट्या यात चूक नाही, सरमिसळ टाळली की उत्तर स्वच्छ येतं. २०२४ मध्ये आलेल्या ‘इंटरलेस’ चाचणीत भारतासह पाच देशांतल्या ५०० स्त्रिया होत्या, आधी सहा आठवडे औषध देऊन मग किरणोपचार केल्याने पाच वर्षांचं जगणं ७२ वरून ८० टक्क्यांवर गेलं, आणि त्यातही ८२ टक्के स्क्वॅमसच. अ‍ॅडेनोच्या बाईला उपचार मिळतात ते बहुतांशी दुसऱ्या प्रकारच्या स्त्रियांवर सिद्ध झालेले. दुसरा मार्ग नाही म्हणून ते देणं योग्य, पण तेवढ्याच खात्रीने देतो आहोत असा आव आणू नये.

अलीकडची सर्वांत नेमकी माहिती ‘एम्ब्रेस’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून आली, आणि त्यात टाटा मेमोरियल सहभागी होतं. इथे आतला शेक एमआरआयवर गाठ पाहून, तिच्या आकाराबरहुकूम दिला जात होता. गाठीच्या ९० टक्के भागाला किमान ८५ ग्रे मिळाले, तर तीन वर्षांनी त्या जागी रोग आटोक्यात राहिलेल्या स्क्वॅमसच्या ९५ टक्के, अ‍ॅडेनो आणि अ‍ॅडेनोस्क्वॅमसच्या ८६ टक्के. म्हणजे १९९५ मध्ये चौकटीच्या आत न दिसलेला फरक, मोजमाप बारीक झाल्यावर आतही दिसला. काही डॉक्टर यातून अ‍ॅडेनोला जरा जास्त मात्रा द्यावी असा अर्थ काढतात. मूत्राशय-गुदाशय जवळ असताना ‘जरा जास्त’ला किती जागा आहे, हे प्रत्येक बाईच्या एमआरआयवरच ठरतं.

आणि ‘अ‍ॅडेनो’ हाही एक रोग नाही. हेन्रिएटाच्या पेशींत १९८०च्या दशकात एचपीव्ही १८ सापडला. स्क्वॅमसमध्ये १६ क्रमांकाचा विषाणू बराच पुढे असतो, अ‍ॅडेनोमध्ये १८ चा वाटा तुलनेने मोठा. पण काही अ‍ॅडेनो असे असतात की त्यांच्यात विषाणू मुळीच नसतो. त्यांतला मुख्य म्हणजे गॅस्ट्रिक प्रकार, ज्याच्या पेशी जठराच्या अस्तरासारख्या दिसतात. जपानी पॅथॉलॉजिस्टांनी याकडे आधी लक्ष वेधलं, तिथे त्याचं प्रमाणही जास्त आहे. हा लवकर पसरतो, किरण आणि औषध दोन्हींना कमी जुमानतो. एचपीव्हीची लस त्याला अडवत नाही, कारण अडवायला विषाणूच नाही, आणि त्याच कारणाने एचपीव्हीची चाचणीही त्याच्या बाबतीत गप्प राहते. २०१८ मध्ये ग्रंथिपेशींच्या कर्करोगाची एचपीव्हीमुळे झालेला आणि एचपीव्हीशिवाय झालेला अशी नवी विभागणी पुढे आली, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती स्वीकारली. जुन्या अभ्यासांत हे दोन्ही एकाच ‘अ‍ॅडेनो’ मथळ्याखाली मोजलेले आहेत. एका गटाचे आकडे दुसऱ्याने खाली ओढले असण्याची शक्यता उघड आहे.

उपचार संपल्यावरही प्रकार पाठ सोडत नाही. स्क्वॅमस गाठ शेकानंतर भराभर विरते, अ‍ॅडेनोला वेळ लागतो. थायलंडमधल्या एका अभ्यासात गाठ पूर्ण नाहीशी व्हायला स्क्वॅमसला साधारण एक महिना लागला, अ‍ॅडेनोला दोन. पाच वर्षांच्या जगण्यात मात्र संशोधकांना लक्षणीय फरक आढळला नाही. त्यामुळे शेक संपून महिनाभरात तपासणीला आलेल्या अ‍ॅडेनोच्या बाईच्या एमआरआयमध्ये काही शिल्लक दिसलं, तर ते अपयशच आहे असं धरता येत नाही. शेक दिलेल्या ओटीपोटात घाईने शस्त्रक्रिया केली तर मूत्राशय किंवा आतडं योनीत फुटून वाट पडण्याचा धोका असतो, आणि ती वाट बंद करणं फार कठीण. म्हणून सहसा तीन महिने थांबून पुन्हा तपासतात, पेट स्कॅन करतात, आणि गाठ तरीही हटली नसेल किंवा वाढताना दिसली तर पुन्हा एकदा तुकडा काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतात.